तीन घरांचा पित्तर

सुपडूने पुरणपोळी मधोमध मोडली, अर्धी दुधात कुस्करली आणि उरलेली अर्धी ताटाच्या अगदी कडेला, बाकी सगळ्या पदार्थांपासून वेगळी ठेवून दिली. पुन्हा तिच्याकडे त्याने पाहिलंही नाही. दाराकडे तोंड करून तो भराभरा जेवू लागला. एक घास गिळून होतोय न होतोय तोच दुसरा तोंडात.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या असलेल्या अनुसयेने पदर तोंडाला लावला.

"आसंच करेत त्या," ती सुनेला म्हणाली. "आयुष्यभर आसंच."

'त्या' म्हणजे धुडकू, तिचा नवरा. त्याला जाऊन सात-आठ महिने झाले होते. पाटावर बसलेला सुपडू त्यांच्या नात्यातला नव्हता की भाऊबंदही नव्हता. पण आज आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. खानदेशात काय किंवा सुरतेच्या लिंबायतमध्ये काय, आखाजीला वर्षभरात गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरायची आणि त्याच्या वयाचा, त्याला ओळखणारा एक जण पित्तर म्हणून पाटावर बसवायचा, ही रीत कोणाला चुकत नाही. पित्तर जेवला की गेलेला जेवला. 'पोट भरनं' म्हणून तो उठत नाही तोवर घरातलं कोणी घास घेत नाही.

यंदा बोरखेड्याची तीन म्हातारी माणसं गेली होती. बोरखेडं तिकडे तापीकाठी, पण अर्धंअधिक गाव पोटामागे सुरतेला आलेलं. सुरतही तापीकाठीच, त्यामुळे आम्ही गाव कुठे सोडलं, नदीनं जरा खाली सरकलो, असं ही माणसं सांगत. धुडकू गेला, उखर्डू गेला, दत्तू गेला. त्यांच्या बरोबरीचा म्हणावा असा सुरतेत एकटा सुपडू उरला होता. बाकीचे एक तर गावाकडे परतलेले, नाहीतर आधीच्या आखाज्यांना घागरीत जमा झालेले. तेव्हा तिन्ही घरांचं बोलावणं एकाच दुपारी त्याच्याकडे आलं, आणि 'नाही' हा शब्द काही सुपडूच्या जिभेवर कधी बसला नव्हता.

सकाळी निघताना पुष्पाबाईने, त्याच्या बायकोने, दारातच त्याला अडवलं होतं.

"तिन्ही घरमा पोटभर जेवशात, ते पुढली आखाजीले तुमनीच घागर भरनी पडी."

"भरशी तू. पन पाटवर बसाडशी कोनले?"

टोपी त्याच्या हातात देत ती एवढंच म्हणाली, "दोन-दोन घास खाज्यात."

पण दोन घास खाऊन उठणारा तो काय पित्तर? सुपडूचं या बाबतीत स्वतःचं एक मत होतं. ते कुठल्या भटजीने सांगितलेलं नव्हतं, त्याचं त्यानेच ठरवलेलं होतं. पाटावर बसलं की गेलेल्या माणसासारखं जेवायचं. आपल्या आवडीचं जेवायचं तर आपल्या घरी जेवावं, त्यासाठी दुसऱ्याचा पाट कशाला? आणि पाटावर असेपर्यंत खोटं बोलायचं नाही, कारण तेवढा वेळ आपलं तोंड आपलं नसतं.

म्हणून ही अर्धी पोळी. सुरतेत पाऊल टाकणारा बोरखेड्याचा पहिला माणूस धुडकू. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, बारा-बारा तासांची पाळी करायचा आणि एका खोलीत राहायचा. त्या खोलीत पुढे सगळं गाव येऊन झोपून गेलं, दिवसपाळीचे रात्री आणि रातपाळीचे दिवसा. अंथरूण म्हणून कधी गार व्हायचं नाही. गावाकडून गाडी येईल, तिच्यातून कोणी पोरगा पिशवी घेऊन उतरेल आणि दारात उभा राहील, म्हणून धुडकू रोज जेवताना अर्धी भाकरी बाजूला काढून ठेवी. कोणासाठी, हे त्याचं त्यालाही ठाऊक नसे. सुपडू सुरतेत उतरला त्या दिवशी ती भाकरी त्याच्या वाट्याला आली होती. आज पस्तीस वर्षं झाली, पण तसली चव पुन्हा कुठल्या भाकरीला आली नाही, असं तो मनापासून मानत आला होता.

"पोट भरनं का?" अनुसयेने विचारलं.

"भरनं."

सुपडू उठला. बाजूला ठेवलेली अर्धी पोळी अनुसयेने उचलली आणि कोणाला न देता उभ्या उभ्या स्वतःच खाल्ली.

उखर्डूच्या मुलाचं घर गल्लीच्या टोकाला होतं. तिथे आमरसाचं पातेलं पाहूनच सुपडूच्या तोंडाला पाणी सुटलं. आमरस म्हणजे त्याचा जीव की प्राण. पण उखर्डूने जन्म काढला चलथाणच्या साखर कारखान्यात, उसाच्या गाड्या रिकाम्या करण्यात. अंगाला, कपड्यांना, झोपेलाही त्याच्या उसाचाच वास. गोड म्हटलं की त्याचं डोकं उठायचं. भर पंगतीत तो आमरसात मीठ आणि मूठभर तिखट घालून घ्यायचा आणि वर यजमानाला म्हणायचा, आंबा चांगला शे, पन जरा आळणी शे.

"तिखट आना," सुपडू म्हणाला.

त्याने चिमूटभर घातलं असतं तरी चाललं असतं. पण त्याने उखर्डूच्या मापाने घातलं. दुसऱ्या घासाला त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि उखर्डूची सून, जी सकाळपासून घागरीजवळ बसून रडत होती, ती खुदकन हसली. मग तिचा नवरा हसला. हसता हसता त्याने बापाची एकेक गोष्ट काढली. गावातल्या कुठल्याही मुलीचं लग्न असो, वरण-बट्टीची चूल उखर्डूच्या ताब्यात. शेवटचा पाहुणा जेवून हात पुसेपर्यंत हा आगीपुढून हलायचा नाही आणि मग भांडी घासणाऱ्या बायांबरोबर खाली बसून उरलंसुरलं खायचा. कोणी पैशाची गोष्ट काढली की वऱ्हाडातल्या एखाद्या फुगलेल्या पाहुण्याची अशी हुबेहूब नक्कल करी, की विचारणारा काय विचारायला आला होता तेच विसरून जाई. शेवटच्या आजारातही तेच. भेटायला जाणारा रडायच्या तयारीनं जायचा आणि पोट धरून हसत बाहेर यायचा. अशी माणसं गावाला मिळायला गावाचंही काही पुण्य असावं लागतं, असं सुपडूला वाटलं, आणि त्याने ती तिखटजाळ वाटी चाटूनपुसून संपवली.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. पोट गच्च झालेलं. गल्लीतल्या एका बंद दुकानाच्या ओट्यावर तो टेकला. तिसरं घर समोर दिसत होतं, दत्तूचं. तिथे जायला त्याचे पाय उचलत नव्हते, आणि ते काही फक्त पोटामुळे नाही.

दत्तू त्याचा जिवलग. पलसाण्याच्या हायवेवर कापड रंगवायच्या एका मिलमध्ये दोघांनी जन्म काढला, दत्तू बॉयलरवर आणि सुपडू कापडाच्या घड्या घालायला. दत्तूचा मुलगा लखन काल संध्याकाळी आमंत्रण द्यायला आला होता. बोलणं संपलं तरी चपला घालून दारातच घुटमळत राहिला.

"सुपडूबाबा, तुम्हीच बसशात ना?"

"मीच बससू. दुसरा कोन शे?"

"मले अण्णाले काही इचारनं शे," लखन म्हणाला आणि भरभर निघून गेला.

अण्णा म्हणजे दत्तू. त्याला काय विचारायचंय हे न कळण्याइतका सुपडू भोळा नव्हता.

प्लेगला आता तीन वर्षं होत आली होती. त्या दिवसांत सुरत जी धूम पळाली, तिच्यात ही गल्लीही पळाली. मिळेल त्या गाडीने, टेम्पोने, नाकातोंडाला रुमाल बांधून जो तो गावाकडे निघाला. दत्तू म्हणाला, मी नाही येत, सगळ्यांनी जाऊन कसं चालेल? लोकांनी किल्ल्या त्याच्याजवळ दिल्या. सुपडूनेही दिली. बापासाठी म्हणून लखन तेवढा मागे राहिला, बायको-मुलीला घेऊन. आणि दुसऱ्याच दिवशी दत्तूला ताप भरला. त्या दिवसांत ताप म्हणजे काय, हे काही कोणाला सांगायला नको होतं. पहाटे लखनही बायको-मुलीसह निघून गेला.

तो ताप प्लेगचा नव्हता, साधा हिवताप होता. दोन-तीन दिवसांत उतरला. दत्तू भिंतीला धरून उठला आणि किल्ल्यांचा तो जुडगा घेऊन घराघरांतून फिरू लागला. कोणाच्या शेळ्या, कोणाच्या कोंबड्या, कोणाचा पिंजऱ्यातला पोपट, सगळ्यांची पोटं त्याने सांभाळली. संध्याकाळी प्रत्येक घरात देवापुढे दिवा लावला. रिकाम्या गल्लीत खिडक्याखिडक्यांतून दिवे लागलेले पाहून चोरांना वाटलं असेल की हे लोक गेलेच नाहीत! लोक परत आले तेव्हा कोणाची एक वाटी इकडची तिकडे झाली नव्हती. दत्तूने किल्ल्या ज्याच्या त्याला दिल्या आणि आपल्या बॉयलरवर रुजू झाला. लखनही परत आला. बापलेक एकाच घरात राहिले, एकाच ताटात जेवले म्हटलं तरी चालेल, पण त्या पहाटेचा शब्द दोघांपैकी एकानेही कधी काढला नाही. आणि गेल्या दिवाळीनंतर एका दुपारी दत्तू झोपला तो उठलाच नाही.

सुपडू ओट्यावरून उठला.

"बेसो, आबा, बेसो ना," लखनची बायको नूतन म्हणाली. ती सुरतेतच जन्मलेली, तिच्या बोलण्यात मध्येमध्ये गुजराती डोकवायची. लखनने सुपडूचे पाय धुतले, त्याच्या कपाळाला गंध लावलं. कोपऱ्यात गव्हाच्या राशीवर दत्तूची घागर होती, तिच्या तोंडावर खरबूज ठेवलेलं. ताट वाढून तयार होतं आणि ताटाजवळ भरलेला तांब्या.

सुपडू दत्तूसारखा जेवू लागला. म्हणजे अगदी सावकाश आणि मुकाट्याने. बॉयलरच्या काट्यावर नजर ठेवायची दत्तूला इतकी सवय, की जेवतानाही तो ताटावरून डोळे उचलत नसे. सुपडूनेही उचलले नाहीत. एकेक घास आत ढकलताना त्याचा जीव मेटाकुटीला येत होता. लखनने विचारू नये, निदान आज विचारू नये, असं तो मनातल्या मनात म्हणत होता.

लखन समोर उकिडवा बसला. तिशी उलटलेला, लूमवर चार माणसांना कामाला लावणारा गडी, पण त्या घडीला शाळेत उशिरा पोचलेल्या पोरासारखा दिसत होता.

"अण्णा," तो म्हणाला.

नूतनच्या हातातली पळी थांबली. "आज नको," ती हळूच म्हणाली. "एमने जमवा दो, जेवू द्या त्यांना."

"नही. आजच इचारसू. अण्णा, मी तुमले तापमा टाकीसन चालना गयतू. तुमना राग गया का?"

सुपडूचा हात ताटातच राहिला.

प्लेगनंतर परत आला त्या दिवशी सुपडूने कुलूप उघडलं तेव्हा घरातला माठ ताज्या पाण्याने भरलेला होता. शेजारच्या घरातलाही, त्याच्या पलीकडच्याही. माणसं लांबून येतील, तहानलेली असतील, म्हणून दत्तूने त्या सकाळी गल्लीतला प्रत्येक माठ भरून ठेवला होता. सुपडू पाणी पिऊन तसाच त्याच्याकडे गेला आणि त्याने असाच प्रश्न विचारला होता, लखनचा राग आला नाही का म्हणून.

"गया ते बरं करं त्यानी," दत्तू म्हणाला होता. "लेकरूवाला मानूस. मीच सांगं व्हतं, जाय. पन सुपडू, मी पानी मांगं व्हतं रे. तो दारमा उभा व्हता, पोर खांदावर. तांब्याभर दी जाता."

एवढंच. त्यानंतर दोन वर्षं जगला, पण त्या गोष्टीकडे पुन्हा वळला नाही.

राग आलाच नव्हता असं सांगावं, तर पाटावर बसून खोटं बोलणं झालं. आला होता म्हणावं, तर आखाजीच्या दिवशी पोराच्या काळजात सुरी खुपसल्यासारखं झालं असतं, आणि तेही पुरतं खरं नव्हतं. लखन डोळे न हलवता बघत होता. त्याला सुपडू दिसत नव्हता, हे सुपडूला कळत होतं.

"लखन," सुपडू म्हणाला. "पानी दे."

"हाऊ भरेल शे ना तांब्या, आबा," नूतनने बोट दाखवलं.

सुपडूने तो तांब्या उचलून तिच्याकडे सरकवला.

"हाऊ तू लई जा. लखनले देऊ दे."

लखन ताडकन सरळ झाला. त्या पहाटे बापाने पाणी मागितलं होतं हे त्याने कधी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. ती तर तेव्हा बाहेर टेम्पोत चढलेली होती. त्याच्या लेखी ते दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातला एक घागरीत जाऊन बसला होता. तो सुपडूकडे बघत राहिला, कोण बोलतंय ते ओळखू येईना तसा.

मग तो उठला. घागरीवरचं खरबूज त्याने दोन्ही हातांनी उतरवून बाजूला ठेवलं. फळीवरचा दुसरा तांब्या घेतला, घागरीत बुडवला. पाटापर्यंत चारच पावलं यायची होती, तेवढ्यात अर्धी फरशी ओली झाली. गुडघे टेकून त्याने तांब्या पुढे केला.

सुपडूने तोंड वर केलं आणि वरून धार धरली. त्याच्या पोटात दोन घरांचं जेवण ठासून भरलेलं होतं, घशाशी आलेलं होतं. तरी तो थांबला नाही. गुटक गुटक आवाज खोलीत ऐकू येत राहिला. शेवटचा थेंब प्यायल्यावर त्याने तांब्या खाली केला, हाताच्या पाठीने मिश्या पुसल्या आणि तांब्या लखनच्या हातात परत दिला.

"आजून दे."

लखनने पुन्हा आणलं. सुपडू पुन्हा प्यायला, सगळं. तो पीत असताना लखन एकाएकी ओंजळीत तोंड घालून रडू लागला. तो असा रडलेला नूतनने कधी पाहिला नव्हता, बाप गेला तेव्हाही नाही. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

बऱ्याच वेळाने लखनने सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. सुपडूची बसल्या जागी होणारी चुळबुळ, कपाळावरचा घाम, सैल केलेलं धोतर त्याला आता कुठे दिसलं. या माणसाची आज आणखी दोन घरं झाली आहेत हेही त्याला आठवलं असावं. घाईघाईने त्याने रीतीचा प्रश्न विचारला.

"पोट भरनं का, अण्णा?"

पाटावरच्या माणसाने ताट थोडं पुढे सरकवलं.

"आते ते बसनू. वाढ."

नूतन पोळीच्या दुरडीकडे वळली, पण लखनने तिच्या आधी हात घातला. सगळ्यात मोठी पोळी त्याने निवडली, ताटात वाढली, तिच्यावर तुपाची धार धरली आणि बाप 'बस' म्हणेल म्हणून वाट बघत धरूनच ठेवली. सुपडू 'बस' म्हणाला नाही.